परदेशी पार्सल आणि त्याची जकात



जकात हा शब्द आपल्याला नवा नाही. तालुक्याच्या गावाला माल घेऊन गेलेल्या जुन्या माणसांना नाक्यावरची ती आडवी दांडी, खिडकीतला कारकून आणि "काय आहे गाडीत?" हा त्याचा प्रश्न अजून आठवत असेल. शहरांच्या त्या जकाती एकेक करून गेल्या. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा बंद झाली. आज शाळेत बसणाऱ्या मुलांनी जकात नाका पाहिलेलाही नाही. पण देशाच्या वेशीवरचा नाका जागच्या जागी आहे. आपला माल भारताबाहेर निघाला की त्याला दोन वेशी ओलांडाव्या लागतात, एक आपली आणि एक त्यांची. दोन्हीकडे प्रश्न तेच : काय आहे, किती किमतीचं आहे, कुणी पाठवलं, कुणाला पाठवलं?

पूर्वी हा विषय मुंबईच्या मोठ्या पेढ्यांचा होता. आता तो आपल्या ओसरीवर आला आहे. द्राक्षं, कांदा, हळद, बेदाणा हे तर जातातच. पण दिवाळीत परदेशी असलेल्या लेकाला फराळाचा डबा जातो, आणि बचत गटाच्या बायकांनी केलेली एखादी वस्तू साता समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक मागवतं. वस्तू चांगली असते, बांधणीही चांगली असते, आणि माणूस ठेचकाळतो तो कागदावर. मी स्वतः ठेचकाळलो आहे. म्हणूनच आज बोलायला उभा आहे.

मी प्राथमिक शाळेतला मास्तर. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. गावातल्या बचत गटाच्या बायका गोधड्या शिवतात. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. २०२३ साली आमच्याच भागातल्या, जर्मनीत नोकरी करणाऱ्या एका मुलाच्या ओळखीनं तिथल्या एका गृहस्थांनी एक वाकळ मागवली. किंमत ठरली १०० युरो. पैसे त्यांनी आधीच पाठवले. गटाच्या प्रमुख बाईंना सारा गाव आक्का म्हणतो. आक्का पार्सल घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, इंग्रजीत लिवायचं हाय, तुमीच लिवा."

परदेशी पार्सलावर पोस्टात एक घोषणापत्र लावावं लागतं. कमी किमतीच्या जिनसांना सीएन २२ आणि मोठ्या पार्सलांना सीएन २३, अशी त्या नमुन्यांची नावं. जगातल्या टपालखात्यांचा एक संघ आहे, १८७४ साली स्थापन झालेला. नमुना त्यांचा, म्हणून साताऱ्यात भरलेला कागद जर्मनीतला कारकूनही वाचू शकतो. त्यात वस्तूचं नाव, नग, वजन, किंमत लिहायची, आणि माल विक्रीचा की भेटीचा याची खूण करायची. मी कुठंतरी ऐकलं होतं की युरोपात ४५ युरोपर्यंतच्या भेटीवर कर लागत नाही. मनात म्हटलं, गिऱ्हाईकाला कशाला भुर्दंड? मी 'भेट' या चौकटीत खूण केली आणि किंमत लिहिली २० युरो. आक्कांनी विचारलंसुद्धा, "शंभर ठरल्यात न्हवं?" मी म्हटलं, "असंच लिहितात."

दीड महिन्यानं त्या गृहस्थांचा निरोप आला. तिथल्या सीमाशुल्क कचेरीनं त्यांना चिठ्ठी पाठवली होती : पार्सल न्यायला या, येताना खरेदीचं बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा आणा. जर्मनीत अशी बोलावणी नेहमीची आहेत. माणूस सरळ, तो बँकेचा कागद घेऊन गेला. कागदावर १००, पार्सलावर २०. त्यांनी ते पार्सल घेतलंच नाही. वाकळ चार महिन्यांनी परत आली. १०० युरो आम्ही परत केले आणि टपालखर्च आमच्या पदरचा गेला. आक्का मला एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला जास्त लागलं.

आता खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी नंतर मांडला. शिक्षक मित्रांनी तो टक्केवारी शिकवताना फळ्यावर घ्यायला हरकत नाही. त्या वेळी युरोपीय संघात १५० युरोपर्यंतच्या मालावर सीमाशुल्क नव्हतं. पण सीमाशुल्क वेगळं आणि मूल्यवर्धित कर वेगळा. हा दुसरा कर आपल्या वस्तू व सेवा कराचा भाऊच म्हणा. पूर्वी २२ युरोपर्यंतच्या पार्सलांना तोही माफ होता. ती माफी १ जुलै २०२१ पासून गेली. जर्मनीत या कराचा सर्वसाधारण दर १९ टक्के. तो नुसत्या वस्तूच्या किमतीवर नाही, तर पोचवण्याच्या खर्चासकट बसतो. वाकळ १०० युरो, टपाल ३० युरो, म्हणजे १३० वर १९ टक्के : २४ युरो ७० सेंट. वर टपालवाल्यांची हाताळणावळ. एवढं त्या गृहस्थांना आधी कळवलं असतं तर त्यांनी ते आनंदानं भरलं असतं. पंचवीस युरो वाचवायला जाऊन आम्ही शंभराचं गिऱ्हाईक घालवलं.

त्या १५० युरोंच्या सवलतीवर मात्र आता विसंबू नका. ती काढून टाकायची असं युरोपीय संघानं २०२५ च्या अखेरीस ठरवलं आहे. पाठवायच्या दिवशी काय नियम आहे ते विचारूनच घ्या.

भेट म्हणजे काय, हेही नीट समजून घेऊ. एका माणसानं दुसऱ्या माणसाला, पैसे न घेता, प्रसंगानं पाठवलेली वस्तू ती भेट. आईनं लेकाला पाठवलेला फराळ ही भेट. पैसे घेऊन पाठवलेली वाकळ भेट होत नाही, मग ती कितीही प्रेमानं शिवलेली असो. भेटीची माफीही प्रत्येक देशाची निराळी. ब्रिटनमध्ये ती ३९ पौंडांपर्यंत आहे. माफी असली तरी आत काय आहे हे लिहावंच लागतं, आणि 'खाऊ' एवढं लिहून भागत नाही. चकली, शंकरपाळे, शेव, चिवडा अशी नावं आणि प्रत्येकाचं वजन लिहा. फराळाच्या डब्यात एक नेहमीची चूक होते ती पेढ्यांची. दुधाचे पदार्थ टपालानं युरोपात नेऊ देत नाहीत. ती करबाब नव्हे, जनावरांच्या रोगांच्या भीतीनं घातलेली बंदी आहे, आणि कर भरून ती उठत नाही. खव्याचे पेढे आणि बर्फी डब्याबाहेर ठेवा. त्यांच्यापायी चकल्याही जायच्या.

उलट बाजूनं येणाऱ्या मालाचंही जाता जाता सांगतो. परदेशातून पोस्टानं किंवा कुरिअरनं आलेल्या वस्तूवर भेट म्हणून करमाफी मागायची सोय आपल्याकडे डिसेंबर २०१९ पासून राहिलेली नाही. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीसुद्धा नुसती राखी. तिच्याबरोबरची भेटवस्तू नव्हे. मुलानं घड्याळ पाठवलं तर ते शुल्क भरून सोडवायचं, एवढंच.

आता वस्तूच्या नावाकडे वळू. आपण म्हणतो वाकळ, कुणी म्हणतं गोधडी, कोकणात आणखी काही म्हणत असतील. वेशीवरचा कारकून नावाकडे बघत नाही, तो अंक बघतो. जगातल्या यच्चयावत जिनसांची एक वर्गवारी आहे. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ती वर्गवारी १९८८ पासून चालू आहे. तिचे पहिले सहा अंक सगळीकडे सारखे. आपल्याकडे पुढं आणखी दोन जोडून आठ करतात. ताजी द्राक्षं ०८०६१०, बेदाणे ०८०६२०, हळद ०९१०३०. याच अंकावरून दर ठरतो, बंदी आहे की नाही ते ठरतं, कुठला दाखला लागेल तेही ठरतं.

आमच्या वाकळेचं काय झालं बघा. आत भरण घालून शिवलेली रजई ही चौऱ्याण्णवाव्या प्रकरणात येते, ९४०४ खाली. भरण नसलेली पलंगाची चादर त्रेसष्टाव्यात. आणि आक्कांची वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून घातलेले टाके. त्याला भरण म्हणावं का? मी बसून बराच विचार केला आणि शेवटी जाणकाराला विचारलं. त्यानं तयार वस्तू बघून ९४०४ सांगितला. वर आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सुचली नसती : कागदावर 'जुन्या साड्या' असं काही लिहू नका. वापरलेल्या कपड्यांचा वर्ग वेगळा आहे, आणि कित्येक देश वापरलेले कपडे आत घेत नाहीत किंवा त्यांना जाचक अटी घालतात. तुमची वस्तू रजई आहे, रजईच लिहा. कापड सुती आहे आणि हातानं शिवलेली आहे, हे लिहा. यात लपवाछपवी नाही. वस्तू जी आहे तिचं नाव द्यायचं, ती कशापासून झाली त्या चिंध्यांचं नव्हे.

आपल्या बाजूच्या वेशीवरही काही कागद आहेत. विक्रीचा माल पाठवायचा तर आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक लागतो, त्याला आयईसी म्हणतात. विदेश व्यापार महासंचालनालय तो देतं. अर्ज घरबसल्या होतो, फी ५०० रुपये, आणि आता पॅनचा क्रमांक हाच तो क्रमांक असतो. दर वर्षी एप्रिल ते जून या महिन्यांत त्यातली माहिती एकदा तपासून कायम करावी लागते. ते विसरलं तर क्रमांक बंद पडतो, आणि नेमकं पार्सल निघायच्या दिवशी ते कळतं.

निर्यातीवर आपला वस्तू व सेवा कर शून्य दरानं आहे. आपल्या सरकारचा कर परक्या गिऱ्हाईकावर लादायचा नाही, हे त्यातलं तत्त्व. नोंदणी असलेल्यानं वर्षाच्या सुरुवातीला एक हमीपत्र भरून दिलं, की कर न भरता माल पाठवता येतो. हमीपत्र नसेल तर आधी कर भरायचा आणि मागून परतावा मागायचा. परतावा मिळतो, पण लहान माणसाचं भांडवल तोवर अडकून पडतं. म्हणून हमीपत्र बरं.

आपल्या सरकारनं जाणाऱ्या मालावर शुल्क लावलं तर ते शेतकऱ्याला कसं झोंबतं, हे नाशिककडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, आणि दोन दिवसांनी लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजारांत लिलाव थांबले. त्या डिसेंबरात निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण ४० टक्के राहिले, सप्टेंबरात ते २० झाले, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क गेलं. यात व्यापाऱ्याचा एक सौदा डोळ्यांसमोर आणा. भाव ठरलेला आहे, माल बंदराच्या वाटेवर आहे, आणि मध्येच शुल्क आलं. ते कुणी भरायचं? करारात लिहिलं नसेल तर परदेशी गिऱ्हाईक म्हणतो मी नाही, व्यापारी म्हणतो मी नाही, आणि शेवटी ते भावातून कापलं जाऊन बांधावर येतं.

जकात ही नुसती तिजोरी भरायला नसते, हेही शिक्षकांनी मुलांना सांगावं. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला पाठवलेलं पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारं मीठ स्वस्त पडत होतं आणि स्वराज्यातल्या संगमेश्वराकडच्या मिठाचा व्यापार बुडायला आला होता. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, म्हणजे ते इथल्या मिठापेक्षा महाग पडेल. आज आपल्या मालावर दुसरा कुणी जकात बसवतो तेव्हा त्याच्या मनातही पुष्कळदा हेच असतं. आपल्याला राग येतो. पण रीत जुनी आहे, आणि आपणही ती वापरलेली आहे.

तर सगळ्या विषयाची मेख ही, की कर कुणी आणि कुठं भरायचा हे माल निघण्याआधी ठरलेलं असावं. व्यापारात या वाटणीला तीन-तीन अक्षरांची नावं आहेत. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळानं ती १९३६ साली प्रथम छापली. चालू आवृत्ती २०२० ची आहे. एफओबी न्हावा शेवा म्हटलं की बंदरात जहाजावर माल चढेपर्यंत जोखीम आपली, पुढची गिऱ्हाईकाची. सीआयएफ म्हटलं की पलीकडच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमाही आपण द्यायचा. पण या दोन्हींत तिकडची जकात गिऱ्हाईकच भरतो. डीडीपी या तीन अक्षरांना मात्र जपा. तिथं दारात माल पोचवेपर्यंतचं सगळं, त्यांच्या देशाच्या करासकट, पाठवणाऱ्याच्या डोक्यावर येतं. गिऱ्हाईकाला हे फार आवडतं, साहजिकच आहे. तिकडचा दर आधी नक्की कळला असेल आणि तो आपल्या किमतीत धरला असेल, तरच याला हो म्हणा.

अमेरिकेचं उदाहरण ताजं आहे. तिथं ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं शुल्काशिवाय जात असत. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून साऱ्या देशांसाठी बंद झाली. शुल्क कुणी गोळा करायचं आणि कसं, हे विमान कंपन्यांना आणि टपालखात्यांना स्पष्ट नव्हतं. आपल्या टपालखात्यानं २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, आणि महिनाअखेरीस पत्रंसुद्धा थांबली. सेवा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. त्या वर्षी दिवाळी विसाव्या तारखेच्या आसपास होती. कित्येक घरचा फराळ घरीच राहिला. सेवा सुरू झाली तेव्हा नवी पद्धत आली : तिकडचं शुल्क इथंच, पार्सल देतानाच खिडकीवर भरून घ्यायचं. त्या वेळी भारतातून जाणाऱ्या मालाला ते लिहिलेल्या किमतीच्या ५० टक्के होतं. दर त्यानंतरही हलत राहिले. म्हणून मागच्या वेळचा आकडा धरून गिऱ्हाईकाला किंमत सांगू नका.

ज्या देशांशी आपला व्यापार करार झाला आहे तिथं सवलतीचा दर मिळू शकतो. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून. पण सवलत आपोआप मिळत नाही. माल भारतातच झाला आहे असा दाखला जोडावा लागतो. माणसाला जसा रहिवासी दाखला, तसा हा मालाचा.

आमच्या वाकळेची गोष्ट अर्धी राहिली. परत आलेलं पार्सल सोडलं तेव्हा मी आक्कांसमोर चूक कबूल केली, आणि त्या गृहस्थांना झाला प्रकार कळवला. त्यांनी मागणी पुन्हा दिली. गटानं आयईसी काढला. या वेळी आम्ही जिल्ह्याच्या गावी डाकघर निर्यात केंद्रात गेलो. देशात अशी हजारावर केंद्रं टपालखात्यानं उघडली आहेत. तिथं टपाल निर्यात बिल संगणकावर भरून घेतात, आणि सीमाशुल्कवाल्यांची तपासणी मुंबईच्या विदेश डाकघरात होते. आपल्याला मुंबईला जावं लागत नाही. केंद्रातल्या कारकुनानं बिलावरची आणि घोषणापत्रावरची किंमत जुळते का ते दोनदा बघितलं. मी किंमत लिहिली १०० युरो, खूण केली 'विक्री', अंक लिहिला ९४०४ चा. आक्कांनी तो कागद हातात घेऊन शंभराचा आकडा वाचला आणि मगच सही केली.

जाण्याआधीच त्या गृहस्थांना कळवलं होतं की साधारण पंचवीस युरो आणि टपालाची हाताळणावळ तुम्हाला तिथं भरावी लागेल. त्यांनी भरली. कुणी बोलावलं नाही, पार्सल घरी आलं.

मग त्यांनी दोन वाकळा एकदम मागवल्या. दोनशे युरो झाले, म्हणजे त्या वेळच्या दीडशेच्या मर्यादेपलीकडे. गटातल्या एका मुलीनं सुचवलं की एकेक करून दोन पार्सलं पाठवू, शुल्क वाचेल. एकाच मागणीचा माल तोडून पाठवला तरी तो एकच धरतात. आणि मला परत 'असंच लिहितात' म्हणायचं नव्हतं. दोन्ही एकाच पार्सलात गेल्या. बिल दोनशेचंच लावलं, आणि सीमाशुल्कही भरावं लागेल असं आक्कांनी त्या मुलीकडूनच लिहवून घेतलं.